वरच्या मजल्यावरच्या बाई

पहिलीच गोष्ट सांगून टाकतो: मला भाडेकरू शांत हवा होता. नाशिकच्या पंचवटीतल्या हिरावाडीत आमचं घर, दोन मजल्यांचं. खाली आई आणि मी, वरचा मजला वडील गेल्यापासून रिकामा. मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दिवसभर शंभर पोरांच्या वर्गात घसा फोडून आल्यावर निदान घरी तरी कोणी आवाज करू नये, एवढीच माझी आयुष्याकडून माफक अपेक्षा. लग्न न करण्यामागेही बहुधा तेच असावं. म्हणून एजंट म्हणाला, "सर, फॉरेनची पार्टी आहे. फिनलंड. मुलगा सातपूरला एका कंपनीत मशिनरी बसवायला आलाय, सोबत त्याची आई. त्यांच्याकडं लोक बोलतच नाहीत म्हणे," तेव्हा मी लगेच चावी काढून दिली.

एजंट खोटं बोलला नव्हता. मुलगा खरोखरच बोलत नसे. सकाळी मान हलवायचा, संध्याकाळी मान हलवायचा, संपला विषय. असे भाडेकरू नशिबानंच मिळतात. त्याची आई मात्र मुळातच वेगळी होती की नाशकाच्या हवेनं बिघडली, हे मला अजून कळलेलं नाही.

बाई तेव्हा अडुसष्टच्या होत्या. उंच, हाडापेरानं मजबूत, पांढरेशुभ्र केस कानापर्यंत कापलेले. त्यांनी तिथल्या राजधानीत तीस वर्षं ट्राम चालवली होती आणि शेवटी शेवटी नव्या ड्रायव्हरांना शिकवायचं काम केलं होतं. शिकवणाऱ्या माणसाला एक शब्द चिकटलेला असतो. माझा 'लक्ष कुठंय?' तसा त्यांचा 'चूक!' मराठीतला हा शब्द त्यांना पहिल्याच आठवड्यात कुठूनसा सापडला आणि पुढे त्यांनी तो आमच्या गल्लीत मुक्तहस्तानं वापरला. गाडी चुकीच्या बाजूनं आली, चूक. आईनं कॉफीत दूध घातलं, चूक. मी बावन्नाव्या वर्षी बिनलग्नाचा, तर मोठी चूक.

गल्ली त्यांना मॅडम म्हणायची, आई बाई म्हणायची. आईला गल्लीत सगळे काकू म्हणतात, म्हणून बाईही काकू म्हणायला लागल्या. आईला ते फार लागलं. "माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान फक्त, आणि काकू कसली म्हणते? उद्या आजी म्हणेल," असं तिनं मला आठवडाभर ऐकवलं. बाईंना तोंडावर मात्र काही सांगितलं नाही, कारण तोवर त्यांच्याशी भांडायला दुसरे विषय मिळाले होते.

त्यातला पहिला विषय म्हणजे दमा. फिनलंडच्या माणसांना 'हो' म्हणताना श्वास आत ओढायची सवय असते. आपण हुंकार देतो, ते हुंकार गिळतात. हे मला मुलाकडून फार नंतर कळलं. आईनं पहिल्या दिवशी विचारलं, "चहा घेणार ना?" तर बाईंनी दचकल्यासारखा श्वास आत घेतला. "खारी घेणार?" पुन्हा तसाच श्वास. आईचा चेहरा उतरला. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा वरच्या मजल्यावर ओव्याची धुरी चालू होती, बाई डोक्यावर टॉवेल घेऊन पाटावर बसल्या होत्या आणि आई विचारत होती, "बरं वाटतंय का आता?" आणि बाई प्रत्येक वेळी श्वास आत ओढून तिची काळजी आणखी वाढवत होत्या. हे तीन दिवस चाललं. बाईंना वाटलं, हा इथला पाहुण्याच्या स्वागताचा प्रकार आहे.

पंचवटीत गोरं माणूस दिसलं की लोकांना एकच प्रश्न पडतो: गुरू कोण? रामकुंडावरचे गुरुजी असोत की भाजीबाजारातल्या मावश्या, सगळे बाईंना हेच विचारायचे. बाईंचं उत्तर ठरलेलं. "देव नाही. भाजी." बाजार पाहिजे म्हणून आलेय, बाकी काही नको, असा त्याचा अर्थ. मेथीची जुडी उलटीपालटी करत, देठ मोडून वास घेत त्या तासन् तास बाजारात रमायच्या. त्यांच्या देशात भाजी प्लास्टिकमध्ये गुंडाळून येते आणि तिला कोणी हात लावत नाही म्हणे. एकदा मी सोबत होतो तर भाजीवाली मावशी मला म्हणाली, "सर, तुमची म्याडम लय भारी हे बरं का. पालकाला माती हे म्हणून मी भांडायच्या तयारीत बसले, तर ती हसतीये. म्हने माती पाहिजे."

पण 'देव नाही' असं म्हणून कोणाची सुटका झाली आहे? मे महिना आला. अख्खं नाशिक पडदे ओढून पंख्याखाली आडवं झालं आणि बाई भर दुपारी गच्चीवर जाऊन बसायला लागल्या. पाठ ताठ, डोळे मिटलेले, अंगावर जाडजूड टॉवेल, शेजारी पाण्याची बादली. मधूनच तांब्याभर पाणी डोक्यावर ओतून घ्यायच्या. त्यांच्याकडे लाकडी खोलीत दगड तापवून घाम काढायचा रिवाज आहे. इथे देवानं, म्हणजे त्यांच्या मते सूर्यानं, अख्खी गच्चीच फुकट तापवून दिली होती. ती वाया का घालवायची, असा त्यांचा हिशेब. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांना मात्र दिसली ती तपश्चर्या. चौथ्या दिवशी आमच्या जिन्यावर एक नारळ ठेवलेला होता. आठव्या दिवशी पेढे.

त्यात बाईंनी एक चूक केली. त्यांच्याकडे न कळवता कोणी कोणाच्या घरी जात नाही, आणि आमच्याकडे कळवून कोणी येत नाही. दार वाजलं की त्या दचकायच्या. शेवटी त्यांनी आईकडून लिहून घेऊन दारावर कागद लावला: 'भेटण्याची वेळ दुपारी ४ ते ५.' गल्लीच्या सगळ्या शंका तिथंच फिटल्या. वेळ लावून भेटतात म्हणजे साधंसुधं माणूस नाही. चारच्या ठोक्याला जिन्यावर बायका बसायला लागल्या. कोणाच्या सुनेचं जमत नव्हतं, कोणाचा गुडघा, कोणाच्या मुलाची नोकरी. बाई प्रत्येकीचं मन लावून ऐकायच्या, कारण ऐकून मराठी सुधारतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ऐकून झालं की मिनिटभर गप्प बसायच्या आणि म्हणायच्या, "सून बरोबर. तुझं चूक." बायका नमस्कार करून परत जायच्या. त्यातल्या दोघींच्या घरातली भांडणं खरोखर थांबली, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं.

रांग कोण लावायचं? आई. वडील गेल्यावर माझी आई हळूहळू मुकी होत चालली होती, हे मी इथे सरळ सांगतो. मी सकाळी साडेसहाला बाहेर पडायचो, तीनला परत यायचो, पेपर तपासायला बसायचो. मला शांतता आवडते म्हणून ती टीव्हीसुद्धा आवाज बंद करून बघायची. मालिकेतली माणसं नुसती तोंडं हलवताहेत आणि आई त्यांच्याकडे बघतेय, हे दृश्य मी वर्षानुवर्षं पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला एवढंही दिसू नये, याची आज लाज वाटते.

बाई आल्या आणि घरात आवाज आला. रोज चारची भेटगाठ संपली की दोघी आमच्या व्हरांड्यात गुलामचोर खेळायला बसायच्या. दोघीही लबाड. आई पदराखाली पत्ता सरकवायची, बाई चष्मा पुसायच्या मिषानं आईच्या पाठीमागच्या खिडकीच्या काचेत बघायच्या. पकडलं की भांडण.

"चूक! काकू, पदरात काय?"

"पदरात माझं वय आहे. काढून दाखवू?"

"दाखव!"

"आणि तुम्ही काचेत बघता ते? आम्ही आंधळ्या आहोत का?"

"काच सगळ्यांचं. तू पण बघ!"

बाईंच्या भाषेत स्त्री-पुरुष असा भेदच नाही, आणि तू-तुम्ही त्यांनी सोयीनं सोडून दिलं होतं. आई मात्र हातघाईवर आली तरी त्यांना तुम्हीच म्हणायची. मी आतल्या खोलीत कानात कापूस घालून पेपर तपासायचो. एकदा बाहेर येऊन म्हणालोसुद्धा, "जरा हळू भांडता का?" दोघी माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी पाणी प्यायला आलो होतो असं दाखवून परत गेलो.

निमाणीच्या रिक्षास्टँडवर बाईंचा वेगळाच दरबार होता. तिथले सलीमभाई त्यांचे ठरलेले रिक्षावाले. बाई मागे बसायच्या, पण नजर सगळी सलीमभाईंच्या हातापायांवर. "ब्रेक आधी! हॉर्न नंतर! चूक!" सलीमभाई मला वैतागून सांगायचे, "सर, तीस साल से रिक्षा चला रहा हूँ. माझ्या अब्बांनी पण एवढं शिकवलं नाय." पण कौतुकही त्यांनाच. एका रविवारी तपोवनाकडच्या मोकळ्या मैदानात त्यांनी बाईंना रिक्षा चालवायला दिली. बाईंनी ती रुळांवरून चालवल्यासारखी सरळ रेषेत नेली, ठरवलेल्या जागी वीतभरही न चुकता उभी केली आणि उतरून प्रवाशांना उतरायला सांगितलं. प्रवासी म्हणजे आई. त्यानंतर दोन दिवस आई प्रत्येकाला सांगत होती, की अजिबात धक्का बसला नाही.

अशी तीन वर्षं गेली आणि मुलाचं सातपूरचं काम संपलं. कंपनीनं त्याला व्हिएतनामला पाठवलं. तो एके दिवशी खाली आला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी सलग चार वाक्यं बोलला. आई येत नाही म्हणते. तिकडे घरी एकटी राहायचीही तिला इच्छा नाही. ती इथेच राहणार म्हणते. तुम्हाला चालेल का? मी म्हणालो, चालेल. मग तो श्वास आत ओढून निघून गेला.

मी चालेल म्हणून काय होणार? बाईंची भारतात राहायची परवानगी मुलाच्या नोकरीला बांधलेली. नोकरी संपली, परवानगीही संपत आली. वाढवून हवी तर अर्ज करा, मग इथल्या पोलीस ऑफिसात प्रत्यक्ष चौकशी, तिथल्या साहेबांचा शेरा, मग वरून निर्णय. अर्जात एक रकाना होता: वास्तव्याचं कारण. नोकरी नाही, शिक्षण नाही, उपचार नाहीत. मी आपला व्यवहारी सल्ला दिला, "बाई, योगाभ्यास लिहा. किंवा अध्यात्म. पंचवटीत राहता, कोण विचारतंय?"

"चूक," बाई म्हणाल्या. "मी योग नाही करत. देव पण नाही."

"अहो, पण इथे राहायचंय ना?"

"राहायचंय. खोटं नाही."

आणि त्यांनी रकाना कोरा सोडला. मला इतका राग आला की मी दोन दिवस वर गेलो नाही. आई एरवी बाईंची चूक काढायला टपलेली असायची, ती यावर एक शब्द बोलली नाही. तिनं पत्ते मात्र कपाटात ठेवून दिले. व्हरांडा पाचनंतर रिकामा राहायला लागला आणि मला हवी होती ती शांतता मला परत मिळाली. पेपर तपासताना त्या शांततेत माझं एका पानावर चार-चार वेळा लक्ष उडायचं.

चौकशीची तारीख आली ती नेमकी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवसाची. मी दोघींना बजावलं, "साहेब नवीन आहेत, कडक आहेत असं ऐकलंय. नीट जायचं, नीट बोलायचं. मधे काही उद्योग नकोत." आणि रंगपंचमीच्या सकाळी मी बोर्डाचे पेपर तपासायला सेंटरवर निघून गेलो.

आता नाशकाबाहेरच्या वाचकाला रहाड सांगायला हवी. रहाड म्हणजे जुन्या नाशकात आणि पंचवटीत जमिनीखाली असलेले दगडी हौद, पेशव्यांच्या काळापासूनचे. वर्षभर ते लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले असतात, त्यांच्यावरून गाड्या जातात. रंगपंचमीला ते उघडतात. फुलं उकळून केलेला रंग त्यात ओततात, पूजा करतात आणि मग माणसं वरून त्यात धपाधप उड्या मारतात. अंगाला लागलेला तो रंग आठवडाभर हलत नाही. पिढ्यान् पिढ्या उड्या मारणारे पुरुष. बायका गॅलरीतून बघणार.

आईचं माहेर पंचवटीतल्या अशाच एका रहाडीपासून चार घरांवर. तिचे तीन भाऊ दरवर्षी उड्या मारायचे आणि ती वरून त्यांचे टॉवेल सांभाळायची. हे तिनं मला आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. बाईंना मात्र सांगितलं होतं. आणि त्या वर्षी मंडळानं सकाळचा एक तास फक्त बायकांसाठी ठेवल्याची बातमी सलीमभाईंनी आणली.

पुढचं मला आईकडून, बाईंकडून आणि सलीमभाईंकडून तुकड्यातुकड्यांनी कळलं. बाईंनी विचारलं, "काकू, तू उडी कधी?" आई म्हणाली, "या वयात?" बाई म्हणाल्या, त्यांच्याकडे हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून त्यात उतरतात, त्यांची आई ऐंशीव्या वर्षापर्यंत उतरायची. आई म्हणाली, उद्या तुमची चौकशी आहे. बाई म्हणाल्या, "चौकशी उद्या. रहाड आज. परत कधी?" त्यांना जावं लागलं तर पुढच्या वर्षीची रंगपंचमी त्यांना नव्हती. आईनं यावर विचार केला, जुनी साडी नेसली, पदर खोचला आणि रिक्षात जाऊन बसली.

"पहिल्यांदा काकू भ्यायल्या," सलीमभाईंनी सांगितलं. "मी बाहेर, रस्त्यावर होतो, पण आवाज समदा येत होता," असं म्हणून त्यांनी पुढचं हात हलवून दाखवलं. काठावर उभं राहून आईनं नाक दाबलं. बाईंनी आपल्या भाषेत एक-दोन-तीन मोजलं. आईला आकडे कळले नाहीत, म्हणून ती दोनलाच गेली. बाई मागून. सत्याहत्तर वर्षांची माझी आई रंगाच्या पाण्यातून वर आली आणि पहिलं काय ओरडली, तर "बघा रे!" तिचे तिन्ही भाऊ कधीच गेलेले. पण ती माहेरच्या त्याच गॅलरीकडे बघून ओरडली म्हणे.

मी दुपारी घरी आलो तर व्हरांड्यात वर्तमानपत्रावर दोन केशरी बायका बसून चहा पीत होत्या. आईच्या सावळ्या रंगावर तो जरा खपून तरी जात होता. बाई मात्र नखशिखान्त केशरी. पांढरे केस तर भगवे धमक. मी बेसन, दही, लिंबू, वजरी, घरात जे सापडलं ते आणलं. दोन तास दोघी एकमेकींना घासत होत्या आणि एकमेकींच्या घासण्यात चुका काढत होत्या. रंग जागचा हलला नाही. मी संतापलो होतो. आणि आई माझ्याकडे बघून हसत होती. वडील गेल्यानंतर तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, म्हणून मला नीट संतापताही येईना.

दुसऱ्या दिवशी तिघं साहेबांच्या टेबलासमोर बसलो. आईला घरी थांब म्हटलं होतं, पण ती ऐकणारी नव्हती. साहेब चाळिशीचे, स्वच्छ, गंभीर, दोनच महिन्यांपूर्वी लातूरकडून बदलून आलेले. त्यांनी पासपोर्टवरचा फोटो पाहिला. मग बाईंकडे पाहिलं. मग पुन्हा फोटो.

"ह्या कोण?"

"ह्या त्याच, साहेब," मी म्हणालो. "काल रंगपंचमी होती."

"फोटोशी काहीच जुळत नाही की हो."

"माझं आधार कार्ड बघा," आई मधेच म्हणाली आणि पिशवीतून काढलंसुद्धा. "माझं तर रंगाशिवायही जुळत नाही."

साहेबांनी आधार कार्ड पाहिलं, आईकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मग अर्ज उलटला. रकाना कोरा. "कारण लिहिलेलं नाही. केस भगवे केलेत, म्हणजे धार्मिक कारण लिहायचं का?"

मी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "नाही. देव नाही."

"शिक्षण? उपचार? मुलगाही इथे नाही. मग नाशकात तुम्ही करता काय?"

बाई गप्प झाल्या. विचार करताना मिनिटभर गप्प बसायची त्यांची सवय आम्हाला ठाऊक होती, पण सरकारी ऑफिसात मिनिट फार लांब असतं. साहेबांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. मग बाई म्हणाल्या, "काकूशी भांडते."

"काय?"

"रोज भांडते. पत्ते, कॉफी, कपडे वाळत घालणं. तिकडे माझं घर आहे. गरम, साफ, छान. तिथे भांडायला कोणी नाही."

साहेबांनी आईकडे पाहिलं. "खरं आहे," आई म्हणाली. "फार लबाड आहेत हो. पण माझ्याशी दुसरं कोणी भांडत नाही. हा तर कानात कापूस घालतो."

माझे कान लाल झाले असणार. त्या टेबलावर तेवढाच एक रंग उरला होता.

"आजी, हे कारण होत नाही," साहेब म्हणाले, पण आवाज खाली आला होता. "मला वर काहीतरी कळवावं लागतं. असंच कसं लिहू, की राहायचंय म्हणून राहतात?"

"तुम्ही कुठले, साहेब?" आई म्हणाली.

"लातूरकडचा."

"घरचे तिकडेच?"

"मुलांची शाळा आहे. म्हणून सगळे तिकडंच."

"मग इथे तुमच्याशी कोण भांडतं?" आईनं विचारलं.

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. गल्लीत कोणाला 'जेवलास का?' विचारावं, तसं विचारलं. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "घरमालक तुम्ही ना? तुमची काही तक्रार?"

तक्रारी माझ्याकडे भरपूर होत्या. नारळ, रांग, धुरी, गच्चीवरून गळणारं पाणी, गेली तीन वर्षं न मिळालेली दुपारची झोप. यादी तोंडपाठ होती, इतक्यांदा ती मी लोकांना ऐकवली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "साहेब, या गेल्या तर घरात आवाज राहणार नाही."

बस, एवढंच आलं. एरवी पंचेचाळीस मिनिटं अखंड बोलणारा माणूस मी. बाईंनी माझ्याकडे पाहून श्वास आत ओढला.

साहेब खाली मान घालून लिहायला लागले. मुलांचे पेपर उलटे वाचायची सवय मास्तरांना असतेच. मी वाचलं: 'सदर महिला घरमालकाच्या कुटुंबात कुटुंबीयांप्रमाणे राहत असून, घरमालकाची कोणतीही तक्रार नाही.' शेवटचा भाग साफ खोटा होता. मी दुरुस्ती सुचवली नाही.

एक वर्षाची मुदत मिळाली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच टेबल, पुन्हा एक वर्ष. साहेब एव्हाना आईच्या हातचं खाऊन गेले होते आणि गुलामचोरात बाईंकडून हरलेही होते. मग बाईंच्या मुलाला व्हिएतनाममध्ये मुलगी झाली आणि त्यानं फोनवर आपल्या आईला चार वाक्यांच्या पुढं जाऊन बोलावून घेतलं. सहा महिन्यांसाठी म्हणून बाई गेल्या. त्याला आता चौदा महिने झाले.

परवा दुपारी एजंट दारात उभा. चांगलं गिऱ्हाईक आहे म्हणाला, दोघंच नवराबायको, दोघंही दिवसभर कंपनीत, घरात अगदी टाचणी पडलेली ऐकू येईल. आई आत झोपली होती, त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं. त्यानं जिन्याकडे बोट करून विचारलं, "वर सध्या कोणी राहत नाही ना, सर?"

"राहतात ना," मी म्हणालो. "आमच्या बाई राहतात."